अम्मांच्या नावाचा फोटो

१८ नोव्हेंबर १९८२, गुरुवार

पायांचे तुकडे पडलेत नुसते! क्षयाच्या तपासणीची एक्स-रे गाडी आज शाळेपुढे लागली होती. बायकांची यादी माझ्याकडे. शाळेत शिकवते म्हणजे असली सगळी कामं आलीच. एकेकीला गाडीत चढवायचं, नावापुढे खूण करायची. एकही नाव मोकळं राहता कामा नये, हेडमास्तर सकाळीच बजावून गेले.

गाव आलं, आमच्याच घरच्या दोघी आल्या नाहीत. गाडीत फोटो काढायला पुरुष. पोलकं काढून, नुसता पदर लपेटून उभं राहायचं. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई जैनबबी, ऐकेचनात. "परक्या बाप्याम्होरं? कमरुद्दीनच्या बापानंबी माजी पाठ कदी उजेडात बगितली न्हाई." त्यांची बहीण चाँदखाला त्यांच्याही मागे दडलेली. शेवटी आमचे हे, म्हणजे त्यांचा कमरुद्दीन, दुकानातून उठून आले. म्हणाले, तूच उभी राहा दोघींच्या नावावर, डोक्यावरून पदर घे, त्याला काय कळतंय.

राहिले उभी. आधी माझा, मग अम्मांच्या नावाचा, मग खालांच्या नावाचा. तेव्हा मी हलले म्हणून परत एक. चार झाले. त्या माणसाने एकदाही तोंडाकडे पाहिलं नाही. यादी पूर्ण. हेडमास्तर खूश.

५ डिसेंबर

पाळीला तेरा दिवस वर झालेत. कुणाला बोलले नाही. सहा वर्षांत दोनदा राहिलं आणि गेलं. आता तोंडातून शब्द काढायचीही भीती वाटते.

२० डिसेंबर

पौडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आहे!

अम्मांना सांगितलं. आत गेल्या, गुळाचा खडा आणून माझ्या तोंडात घातला. डोळे भरले होते त्यांचे.

६ जानेवारी १९८३

शाळेत जुन्या मासिकांचा गठ्ठा आला होता. मधल्या सुट्टीत चाळत बसले. कशाला चाळलं! त्यात एक लेख — पोटात मूल असताना आईचे एक्स-रे काढले तर त्या मुलाला पुढे रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते म्हणे. परदेशात कुणी बाईने शेकडो आयांना विचारून हे शोधून काढलंय.

दिवस मोजले. आधी बोटांवर, मग कॅलेंडर काढून. अठरा नोव्हेंबरला ते होतंच पोटात. आणि एक नाही, चार! त्यातले तीन तर माझे नव्हतेच. पाचवीचा तास कसा घेतला आठवत नाही. पोरं म्हणाली, बाई, एकच गणित दोनदा घातलंत.

११ जानेवारी

पौडला जाऊन आले. डॉक्टरीणबाई हसल्या. छातीचा फोटो, पोटापर्यंत अगदी थोडं पोचतं, एवढ्याने काही होत नाही, निवांत राहा म्हणाल्या. मग विचारलं, किती काढले?

एक, म्हणाले मी.

दुसरं काय सांगणार? यादीवर सही माझी. खोट्या खुणा केल्या म्हणून नोकरी जायची, अम्मांचं नाव गावभर व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी एकाची भीती काढून घेतली. उरलेल्या तीन फोटोंची घेऊन मुळशीच्या गाडीत बसले.

२८ जानेवारी

गाडीवाल्यांच्या चिठ्ठ्या आल्या. तिघींची छाती साफ. अम्मांनी आपली चिठ्ठी ठेवणीतल्या पातळाच्या घडीत ठेवली. आल्यागेल्याला दाखवतात — सरकारनं लिवून दिलंय, माज्या छातीत काय न्हाई! मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१५ मार्च

आज हललं. किती वाट पाहिली होती, आणि हललं तर रडूच आलं.

४ मे

आज यांना सगळं सांगून टाकलं. मासिकातलं पानही दाखवलं. म्हणाले, "डॉक्टरला कळत न्हाई आन तुला कळतंय व्हय?" आणि दुकान उघडायला गेले. उभी राहा म्हणणारे हेच! राग आला. पण नाही म्हणता आलं असतं मला, तेही खरंच.

२८ जुलै

मुलगा. पौडच्या दवाखान्यात, पहाटे. सगळ्या जणी नाक कुणासारखं ते पाहत होत्या. मी त्याच्या ओठांचा रंग पाहिला. लाल आहेत.

अम्मांनी नाव ठेवलं हाफीज. सांभाळणारा.

२५ ऑगस्ट

रोज सकाळी उजेडात नेऊन पापणी खाली ओढून पाहते. हिरड्या पाहते. मानेला, काखेत गाठ लागते का चाचपते. अम्मा वैतागल्या, "लेकराला बाजारातल्या वांग्यावानी दाबू नगं गं."

आणखी एक वेडेपणा करते, तो इथेच लिहिते. दूध पाजून झालं की त्याला अम्मांकडे देऊन टाकते. मला वाटतं, ते किरण माझ्या अंगात अजून असतील. दिवा विझवला की खोलीत उजेड उरत नाही, हे मीच पोरांना शिकवते. कळतं मला. तरी त्याला फार वेळ छातीशी धरवत नाही. झोपवतेही त्यांच्याच कुशीत. अम्मांना काय, हवंच आहे. दिवेलागणीला मांडीवर घेतात, दुआ पढतात आणि त्याच्या तोंडावर हळूच फुंकर घालतात. तो डोळे मिटून घेतो, गोड दिसतो तेव्हा. परवा मीच म्हणाले, अम्मा, आणखी एकदा फुंका.

२१ सप्टेंबर

शाळेत जायला लागले. दिवसभर हाफीज अम्मांकडेच. पावसात धरलेला खोकला त्यांना सोडत नाहीये. चाँदखाला त्यांना अडुळशाचा काढा देतात.

आज नर्सबाई घरोघर खोकलेकरी विचारत आली. अम्मांनी पातळाच्या घडीतून चिठ्ठी काढून पुढे केली. नर्सबाईने वाचली, बरं आजी म्हणाली आणि गेली. मी दारातच उभी होते. चिठ्ठी पाहिली आणि पुन्हा ते चार फोटो आठवले. हिशेब लावत बसले — हाफीजच्या वाट्याला नक्की किती गेलं असेल? असल्या हिशेबाला उत्तर कुठून येणार.

८ नोव्हेंबर

दहा दिवस ताप. येतो, उतरतो, परत येतो. वजन महिन्यात वाढलेलं नाही. दूध ओढता ओढता दमतो. आज पापणी पाहिली. फिकी आहे.

आलं! जे येणार म्हणून वर्षभर घाबरत होते ते आलं. यांना म्हणाले, चला पौडला. या खेपेला यांनी लगेच दुकान बंद केलं.

१७ नोव्हेंबर

रक्त काढून पुण्याला पाठवलंय. त्याच्या एवढ्याशा बोटातून! अम्मा जेवत नाहीत. खोकत खोकत त्याला घेऊन फेऱ्या घालतात. खाली ठेवा म्हटलं तरी ठेवत नाहीत.

२१ नोव्हेंबर

रक्तात तसलं काही नाही! डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, कर्करोगाची शंकासुद्धा नको. मी तिथेच बाकावर बसून रडले. हे माझ्या पाठीवर हात ठेवून उभे. चारचौघांत असा हात यांनी कधी ठेवला नव्हता.

मग बाईंनी त्याच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. काखेतली एक गाठ दाबून पाहिली. मी रोज पाहत होते, माझ्या हाताला ती लागली कशी नाही? विचारलं, घरात कुणाला खोकला आहे का? बऱ्याच दिवसांचा?

हे म्हणाले, "आईला हाय. पन तिचा फोटू साफ हाय, चिठ्ठी हाय घरात."

बाईंनी मान हलवली, लिहायला लागल्या. लिहून होऊ दिलं असतं तर अम्मांचा विषय तिथेच संपला असता. मला तेव्हा, त्या बाकावर, पहिल्यांदा कळलं. वर्षभर त्या चिठ्ठीकडे पाहून मी फक्त माझ्या पोटात काय गेलं तेवढंच मोजत होते. अम्मांच्या छातीत कुणी पाहिलंच नव्हतं! घरात आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, चिठ्ठीपायी सगळेच विसरलो, आणि मी मूल उचलून त्यांच्या कुशीत देत होते.

मी म्हणाले, "बाई, तो फोटो त्यांचा नाही. माझा आहे."

बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. यांनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

२३ नोव्हेंबर

अम्मांच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. औषध सुरू होईल, बऱ्या होतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मला एकच विचारलं, "माज्या फुंकरीनं झालं का गं?" नाही अम्मा, माझ्यामुळे झालं, म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. माजघरातून अंथरूण उचलून स्वतःच पडवीत नेलं. दिवेलागणीला तिथूनच दुआ पढल्या, तोंडावर पदर घेऊन.

२५ नोव्हेंबर, पुणे

हाफीजच्या छातीचा फोटो. धरायला माणूस लागतं. मीच आत गेले, त्याचे दोन्ही हात वर धरले, मान सरळ ठेवली. रडून हलला, फोटो पुसट आला. फोटोवाला माझ्याकडे पाहत थांबला.

मीच म्हणाले, पुन्हा काढा.