बारशाआधीची लस

३ फेब्रुवारी
प्रेरणाला मुलगी झाली, यवतमाळला. मी आजोबा. प्रेरणाची आई गेल्यापासून दिग्रसच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. बारसं बावीसला.

४ फेब्रु.
प्रेरणाचा फोन. म्हणाली, बाबा, डांग्या खोकल्याची लस घेऊनच या. बाळाला पहिला डोस दीड महिन्यानं, तोवर तिला जपायचं ते आपणच. लस अंगात लागू व्हायला पंधरा दिवस जातात, तर सातच्या आत घ्या.
तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. अख्ख्या जिल्ह्याचा खोकला तोंडावर झेललाय. इम्युनिटी लोखंडी. तरी पोरीसाठी घेतो.

६ फेब्रु.
दवाखान्यात गेलो. सुई पाहिली. मागं एक म्हातारी होती, तिला नंबर देऊन परत आलो. माणुसकी.

७ फेब्रु.
प्रेरणानं विचारलं. घेतली म्हणालो. तिला बरं वाटलं. उद्या घेणारच आहे, म्हणजे खोटं नाही.

११ फेब्रु.
शेजारची रुपीबाई आशा वर्कर आहे. तिला म्हणालो, गल्लीतल्या सगळ्या पोरांना लशी झाल्या, आता रोग माझ्यापर्यंत येईल कुठून? ती म्हणाली, धनसिंगकाका, सगळेच असं म्हनून राह्यले तं रोग अडवन कोन? अन् लहानपनच्या लशीचा जोर वयानं उतरते. तुमाले सुईचं भेव लागते का?
काहीतरीच. तसंही माझ्याकडं येतं कोण? या आठवड्यात ही पहिलीच.

१६ फेब्रु.
घसा खवखवतो. कापसाच्या जिनिंगची धूळ. लस सोमवारी. नक्की.

२१ फेब्रु., सकाळी ११
घेतली. रुपीबाईनं हात धरला होता, तिच्या समाधानासाठी. दुखलं नाही.

२२ फेब्रु., सकाळी, दारव्हा स्टँड
यवतमाळच्या एसटीत बसलो, तर प्रेरणानं लशीच्या कार्डाचा फोटो मागितला. तारखेवर अंगठा ठेवून काढला. पाठवताना तिनं काल धाडलेला बाळाचा फोटो दिसला. एवढंसं नाक. अंगठा काढून दुसरा फोटो काढला, तोच पाठवला.
बऱ्याच वेळानं फोन आला. रागावली नाही. म्हणाली, बाबा, पंधरा दिवसांनी या.
अर्ध्या वाटेत, दारव्ह्याला उतरलो. कंडक्टर म्हणाला, काका, तिकीट तं यवतमाळचं हाय. म्हणालो, इथंच काम होतं.

दुपारी २, घरी
बारसं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. कुणीतरी मोबाईल पाळण्याजवळ धरला होता. नाव सांगितलं तेव्हा बायका एकदम हसल्या, मला ऐकू आलं नाही. विचारलं, तोवर फोन बंद झाला होता.
आता सगळे जेवत असतील. थोड्या वेळानं विचारतो.