न मागणाऱ्याची तुकडी

अहो आई, तुमचा मुलगा फोन उचलेनासा झाला, तिथून सुरुवात करते. गेल्या वर्षी त्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला आणि अलार्म वाजायच्या आधी उठून दाढी करणारा माणूस दहा-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. पुढे भिवंडीच्या एका गोदामात काम मिळालं, पण पगार जवळजवळ निम्म्यावर आला. माझ्या बालवाडीच्या पगारात भाजी आणि गॅस भागतो, त्यापुढे नाही. आणि देणं चार ठिकाणचं. मुलुंडच्या या घराचा हप्ता, क्रेडिट कार्ड, लेकीच्या फीसाठी मोबाइलवरून घेतलेलं कर्ज आणि त्याच्या जुन्या कंपनीतल्या पतपेढीचं. मोबाइलवरून कर्ज कसं घेतात हे तुम्हाला सांगता सांगता माझी दुपार गेली असती आणि शेवटी तुम्ही विचारलं असतं, "म्हंजे तोंड न बघता पैशे देतत? मगे परत मागताना तरी तोंड बघतत काय?" नाही बघत, आई. नुसते ओरडतात.

आम्हीही काय केलं, तर जो जास्त ओरडेल त्याला आधी दिलं. मोबाइलवाल्यांनी माझ्या शाळेत फोन करण्याची धमकी दिली, त्यांना दिलं. कार्डवाल्यांचा माणूस सोसायटीच्या गेटवर आला, त्याला दिलं. पतपेढी बिचारी ओरडत नव्हती. पूर्वी तिचा हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा, आता कापायला पगारच नव्हता, म्हणून तो नुसता तुंबत गेला. आणि त्या कर्जाला जामीन कोण राहिलं होतं माहितीये? मानखुर्दचा तो, त्याचा कंपनीतला दोस्त, जो आपल्याकडे जेवायला आला की मान वर करत नसे आणि तुम्ही ज्याच्या पानात न विचारता भात लोटायचात. तो अजून त्याच कंपनीत आहे, दुसऱ्या विभागात, आणि पुढच्या वर्षी रिटायर होतोय. आपण भरलं नाही की त्याच्या पगारातून कापणार. त्याने एकदाही फोन केला नाही. तुमच्या मुलानेही केला नाही, आणि दोघांच्या या गप्प बसण्याने माझा जीव खालीवर होत होता.

तेवढ्यात कुणीतरी अंधेरीच्या एका ऑफिसचा पत्ता दिला. काचेची दारं, बसल्या बसल्या कॉफी, आणि टाय लावलेला एक गोड बोलणारा तरुण. म्हणाला, "मॅडम, सिंपल आहे. सगळ्यांचं पेमेंट बंद करा. नवीन सिम घ्या, जुनं फेकून द्या. सहा महिने थांबलात ना, की हेच लोक अर्ध्यावर सेटल करायला येतील. बाकी टेन्शन आमचं." त्याची फी तेवढी आधी भरायची होती. तुमच्या मुलाचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलेला मी पाहिला आणि मला भीती वाटली. घरी येताना रिक्षात मी विचारलं, "आणि मानखुर्दवाला?" तर म्हणतो, "त्याचं बघू ना नंतर. तो काय ओरडतोय का आपल्यावर?"

बरं झालं तो तसं म्हणाला, कारण त्या एका वाक्याने मला उचलून घाटकोपरच्या डोंगरावरच्या तुमच्या खोलीत नेऊन बसवलं. माझ्या लग्नाचं पहिलंच वर्ष. पावसाळ्यामुळे बोटी बंद, मासळी महाग, आणि तुम्ही कुठून तरी तीन बांगडे मिळवून आणलेत. खाणारी माणसं सात. तुम्ही विळीवर बसून ते तीन बांगडे असे कापता आहात की त्यांच्या सात तुकड्या व्हाव्यात, आणि मी घाटावरची सून, माहेरी कधी मासा शिजलेला न पाहिलेली, भिंतीला टेकून ताट घेऊन बसले आहे. "आज तुकडी बारीक, पण ताट कोणाचा रिकामा नाय," तुम्ही जाहीर करता. तुमचा हाच लाडका मुलगा ओरडतो, "आई, मला आधी! मला ड्यूटीवर जायचंय." सासरे टोप वाजवतात. आणि तुम्ही ती मधली, सगळ्यात जाड तुकडी पळीवर घेऊन या सगळ्यांना ओलांडून माझ्यापर्यंत येता. लाडका चिडतो. तेव्हा तुम्ही त्याला जे सुनावलंत ते मला अजून तुमच्याच आवाजात ऐकू येतं: "गप रव! वरडता तेका गावताच. जो मागणा नाय, तेका पयली तुकडी."

ओरडणाऱ्याला काय, मिळतंच. ही तुमची नुसती जेवण वाढायची रीत नव्हती, हे मला पुढे कळलं, तुमच्याबरोबर मिरच्या भाजताना. उन्हाळ्यात लोकांचा मसाला करून द्यायचा आणि त्यावर वर्ष ढकलायचं, हे तुम्ही सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हापासून करत होतात. ठसक्याने माझे डोळे वाहत होते आणि तुम्ही निवांत सांगत होतात. तेव्हा उधारी थकलेल्या चाळीतल्या बायका पदर ओढून वाण्याच्या दुकानासमोरून पळायच्या. तुम्ही पावडर लावून, धुतलेलं लुगडं नेसून दुकानात शिरायचात, त्याच्याच गोणीवर बसायचात आणि सांगायचात, या महिन्यात एवढंच, मोजून घे. तो रस्त्यात ऐकू जाईल असा ओरडायचा. तुम्ही त्याचं ओरडणं संपेपर्यंत बसायचात. पण मसाल्याचे पहिले पैसे त्याला दिले नाहीत. ते शेजारच्या विधवा बाईला दिलेत, जिने आपली माळ गहाण टाकायला काढून दिली होती आणि पुन्हा कधी त्या माळेचं नाव घेतलं नव्हतं. आई, तुम्ही चिकट होतात, माझ्या आमटीला नावं ठेवायचात, मी कांदा जाड कापला तर दोन दिवस ऐकवायचात. पण त्या गोणीवर बसायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि ती तुमच्यात कुठून आली होती याचं मला आजही नवल वाटतं.

अंधेरीहून परतलो त्या संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, सगळ्यांना द्यायचं, थोडं थोडं, पण कुणाचं ताट रिकामं ठेवायचं नाही. तो म्हणाला, "वेडी आहेस का? अर्ध्यात सुटत असताना पाच वर्षं फेडत बसू?" मग मी तुमचं वाक्य म्हणून दाखवलं, माझ्या घाटावरच्या मालवणीत. तो हसला आणि म्हणाला, "तुझी मालवणी ऐकून आई वर कपाळाला हात लावून बसली असेल." आणि हसता हसता रडायला लागला. तुमच्यासमोर मी त्याला "अहो" म्हणायची आणि मागे "अरे", हे तुम्हाला ठाऊक होतंच. तेव्हा मी त्याला जवळ घेऊन "अरे, अरे" एवढंच म्हणत राहिले.

घाटकोपरलाच एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला देतात. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. घराच्या हप्त्याची मुदत वाढवून घेता येईल, कार्डाचे लहान हप्ते पाडून मागता येतील, मोबाइलवाल्यांशी त्या स्वतः बोलतील. मात्र वेळ लागेल, नवं कर्ज काढायचं नाही आणि हौसमौज विसरायची, हे त्यांनी आधीच बजावलं. फक्त एका गोष्टीवर आमचं जुळेना. त्यांचं म्हणणं, घर सांभाळून उरेल त्यातलं जास्त कार्डाला द्या, व्याज तिथे जास्त. मी म्हटलं, "पटतंय हो मॅडम. पण पतपेढीची तुकडी पहिली." त्यांना तुकडी कळेना. तेव्हा तुमचा मुलगाच बोलला, "तिथे माझा माणूस जामीन आहे. तो मागत नाहीये." बाईंनी हिशोब नव्याने मांडायला घेतला.

त्या रविवारी आम्ही मानखुर्दला गेलो. तो इस्त्रीचा शर्ट घालून, मी धुतलेली साडी नेसून, तुम्ही वाण्याकडे जायचात तसेच. त्याने दार उघडलं आणि आत घ्यायच्या आधी शिव्या दिल्या. "अरे येड्या, फोन का नाय उचलत? मला वाटलं तू खपलास!" पगारातून कापतील याची भीती त्याला होती, बायको सांगत होती की झोप लागत नव्हती. "मग मागितले का नाहीस?" तुमच्या मुलाने विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या आईच्या हातचं जेवलोय रे. तुझ्याकडे काय मागू?" चहा गार होईपर्यंत दोघं बोलत बसले. परतताना तुमच्या मुलाचा फोन वाजला, कार्डवाल्यांचा, आणि त्याने तो उचलला.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण पुढचं त्याच्या हाती लागलं तर पंचाईत होईल. त्या दिवशी मी मागितलं नाही ते संकोचाने नव्हे, आई. मला बांगड्याच्या वासाने मळमळत होतं आणि तुम्ही मला विसरलात तर बरं म्हणून मी गप्प होते. ती जाड तुकडी मी भातात दडपून गिळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तुम्ही शेजारी जाऊन सांगितलंत की सून मायेने रडली. बांगडा मला अजूनही आवडत नाही. पण काल तुमचा मुलगा दोनच घेऊन आला, स्वतः कापले आणि लेक ताट पुढे करत असताना पहिली तुकडी माझ्या पानात वाढली. मी याही वेळी काही बोलले नाही.