तुझं सुतक मी पाळतेय

प्रिय वहिनी,

परवा सकाळी तू गेलीस आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर ठरलं की आपल्याला तुझं सुतक नाही. ठरवणारे सगळे पुरुष. मी आत तांदूळ निवडत होते, मला कोणी विचारलं नाही आणि विचारतील असं मला वाटलंही नव्हतं. ह्यांचं म्हणणं, भांडण झालं तेव्हाच गावकीसमोर सांगून टाकलंय की त्या घराशी आपला जन्ममरणाचा संबंध राहिला नाही, मग आता सुतक कुठून आलं?

हे सगळं तुला कशाला लिहितेय? कारण तुझ्या अंगणात येऊन बसायची मला सोय नाही. तिथे बायका रडतायत. मी आले तर त्यांचं रडणं थांबेल आणि कुजबुज सुरू होईल. आपल्या दोन घरांच्या मधे एक चिंच आणि दोन केसेस आहेत, तेवढं अंतर ओलांडण्यापेक्षा लिहिणं सोपं.

आणि घाई आहे. येत्या शुक्रवारी आमच्या महेशची हळद आहे. तुझा दहावा त्याच्यानंतर येतो. म्हणजे सुतक धरलं तर हळद लागत नाही, आणि हळद लावली तर तू आमची कोणी नव्हतीस असं सगळ्या गावासमोर जाहीर होतं. नवऱ्यामुलाची आई मी. पहिली हळद माझ्या हाताने लागायची आहे.

मला रडू आलेलं नाही. तुला माहीतच आहे, मला वेळेवर काही येत नाही.

तो बांध फुटला नसता तर आपण दोघी काय बोललो असतो? आयुष्यभर मसाला कुटताना जेवढं बोलतात तेवढंच. उधाणाच्या पाण्याने तुमच्या-आमच्या तळ्यांमधला बांध गेला आणि दोन्हीकडचे जिताडे एक झाले. वर्षभर वाढवलेले मासे. सकाळी पाणी उतरलं तेव्हा तुमच्या तळ्यात जास्त होते. त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत, आपण कोणाचे. पुरुष काठ्या घेऊन उतरले, आपण सोडवायला गेलो आणि सोडवता सोडवता आपणही दगड उचलले. ह्यांचं डोकं फुटलं, तुझ्या दिराचा हात मोडला. दोन्ही घरांनी फिर्याद दिली आणि दोन्ही घरं आत गेली.

पुरुषांचं बरं होतं. त्यांना वेगवेगळ्या बराकी मिळाल्या, म्हणजे आत पुन्हा मारामारी नको. बायकांची बराक एकच. त्यात नव्या बायकांची जागा संडासाच्या दाराशी, तिथे दोन चटया शेजारी शेजारी. तुरुंगाच्या मॅडमनी आपल्या दोघींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भांडायचं असेल तर बाहेर जाऊन भांडा." बाहेर कसं जायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पिंकी आठवते का तुला? पनवेलकडची, केस रंगवलेली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुम दोनों का सेम केस है क्या?" तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "सेम हाय. हिच्या केसात मी आरोपी, माझ्या केसात ही." पिंकी इतकी हसली की मलाही हसू आलं. मी ते गिळलं.

आतले दिवस मला अजून सवयीने आठवतात. सकाळी कुलूप निघायचं, मोजणी व्हायची, मग नळावर रांग. चहा, मग झाडणं, मग ज्यांची तारीख असेल त्यांची तयारी. कोर्टात जाणाऱ्या बाईला सगळ्या बराकीने मिळून वेणी घालायची, हा तिथला नियम. का, ते कोणी सांगत नसे. जेवण इतक्या लवकर यायचं की ऊन असतानाच रात्रीचा भात समोर. ऊन उतरायच्या आत पुन्हा मोजणी आणि कुलूप. त्यानंतर काहीच करायचं नसतं. घरी जन्मभर मी म्हणत आले की दोन घटका बसायला मिळत नाही. तिथे बसायलाच मिळत होतं.

समुद्र दिसत नव्हता, ऐकू यायचा. तू कॅलेंडरवरची तिथी बघायचीस आणि सांगायचीस, आज दुपारी भरती, आज भांगाची लहान भरती, पाणी बांधापर्यंतही चढायचं नाही. कोणाला सांगायचीस? मला तर नाहीच, आपलं बोलणं नव्हतं. भिंतीला सांगायचीस आणि मी ऐकायचे. मग मी मनात आमच्या तळ्याचा बांध बघून यायचे.

आत जाताना मंगळसूत्र काढून घेतात, काचेच्या बांगड्याही. ते मोकळे हात आणि मोकळा गळा घेऊन मी दोन दिवस पदर आवळून बसले होते. शिवणाच्या वर्गातून तू काळा दोरा आणलास, त्याची बारीक वेणी घातलीस आणि गळ्यात बांधलीस. दुसरी वेणी घालून माझ्या चटईवर टाकलीस. टाकलीस म्हणजे टाकलीसच, कुत्र्याला भाकरी टाकावी तशी. मी ती बांधली. ज्या नवऱ्यासाठी बांधली त्याचं डोकं तुमच्याच माणसाने फोडलं होतं.

मग आषाढात तुझी मुलाखत आली. जाळीपलीकडे तुझा मुलगा होता. तू परत आलीस, आपल्या जागेवर बसलीस आणि डाळीतले खडे काढायला लागलीस.

पण दुसऱ्या सकाळी तू जास्वंद तोडली नाहीस. रोज प्रार्थनेच्या आधी अंगणातलं फूल कॅलेंडरवरच्या देवापुढे ठेवायचं, हे काम तू कोणाला करू देत नव्हतीस. त्या दिवशी तू दारापाशी उभी राहिलीस, देवाकडे आलीच नाहीस. केसांना तेल नाही, फणी नाही. कँटीनमधून मागवलेली अंडी आली, तुझं अंडं तू पिंकीला दिलंस.

तेव्हा मला कळलं. तुमच्या घरात जायचं वय झालेलं एकच माणूस होतं. तुझी सासू, माझी चुलत सासू. महेशच्या वेळी माझी आई येऊ शकली नव्हती, तेव्हा मला आणि बाळाला न्हाऊ घातलं ते तिने. ती गेली होती आणि आपण दोन्ही सुना कुलपाच्या आत होतो. तुला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

मी काय करणार होते? तुझ्या गळ्यात पडायला आपली तशी ओळख नव्हती. मीही तेल लावलं नाही. देवापुढे गेले नाही, तुझ्या शेजारी दारात उभी राहिले. माझं अंडं पिंकीला दिलं. पिंकी दोन्ही हातात दोन अंडी घेऊन आपल्याकडे बघत राहिली. "आप दोनों का तो झगड़ा है ना? फिर उपास साथ में कायको?"

तू माझ्याकडे वळलीस. आत आल्यापासून पहिल्यांदा.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाय. तू फूल तोडलं न्हाईस."

"तुझ्या घरच्यांनी सुतक तोडलंय आमचं."

"त्यांनी तोडलंय. मी कुठं तोडलंय?"

तू दारातच खाली बसलीस. मग म्हणालीस, "म्हातारी तुझं नाव काढायची गो. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी पण काढलंन. बोलली, धाकटीला जास्त लागलं न्हाय ना?"

दहाव्या दिवशी गावात असतो तर भावकीतल्या सगळ्या बायका खाडीवर गेलो असतो. बराकीत नळ एक, बादली एक, आणि मागे रांगेत ओरडणाऱ्या बायका. तू माझ्या डोक्यावर पाणी घातलंस, मी तुझ्या. मॅडम म्हणाल्या, काय चाललंय, पाणी जपून वापरा. तू त्यांना सांगितलंस, "आमच्या घरात मयत झालंय." आमच्या घरात. मी ते ऐकलं आणि ठेवून दिलं.

त्यानंतर आपण काय काय बोललो? सगळंच. तुझं पहिलं मूल गेलं ते, माझ्या माहेरचं, कोणाच्या नवऱ्याला किती अक्कल. एकदा तू म्हणालीस, तुरुंगात आल्यापासून कोणी माझ्यावर ओरडलं न्हाय, मॅडम सोडून. मी म्हटलं, माझ्यावरही. आणि दोघींनी विषय बदलला, कारण ते फार खरं होतं.

दिवाळीच्या तोंडावर दोघींचा जामीन एकाच दिवशी झाला. फाटकाबाहेर एका बाजूला तुझा मुलगा मोटारसायकलवर, दुसऱ्या बाजूला आठवडाभर आधी सुटलेले हे रिक्षा घेऊन. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "जा. माझ्याकडं बघू नको, तुला घरी त्रास होईल." आणि मी गेले.

तेच मला तुला विचारायचंय, वहिनी. हा नियम तू एकटीनेच का ठरवलास? चिंचेखाली चिंचा वेचताना तू पाठ फिरवायचीस. तारखेला कोर्टाच्या आवारात मला बघून पदर सारखा करायचीस, तेवढीच आपली भेट. मुंबईच्या दवाखान्यात न्यायला रेवसच्या धक्क्यावर तुला लाँचमध्ये चढवताना दोघांनी धरलं होतं, हे मला मासळीवालीकडून कळलं. एक निरोप द्यायचा होतास. मी आले असते का? आले असते असं आज लिहायला सोपं आहे. पण तू बोलवून तर बघायचंस.

असो. परवाचं सांगते. ओट्यावरचे उठून गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मला सुतक हाय."

"तुला एकटीला? सुतक काय एकट्या माणसाला असतं?"

"आत होते तवा एकटीच होते. तवा कोणी विचारलं न्हाय, कसं पाळतेस."

"पोराची हळद हाय शुक्रवारी. लोक काय बोलतील?"

"लोक बोलतील, जाऊ मेली आणि ही पिवळी होऊन नाचली."

ते उठून गेले. रात्री जेवायला आले नाहीत. अबोल्याचं मला काही वाटत नाही, मी तुझ्या शेजारी झोपलेली बाई आहे.

काल सकाळी मी काशीदला फोन लावला, नवरीमुलीच्या आईला. ह्यांना न विचारता. आयुष्यात पहिल्यांदाच घरातली इतकी मोठी गोष्ट मी कोणाला न विचारता केली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? मी सांगितलं, आमच्याकडे मयत झालंय, हळद शुक्रवारी होणार नाही, दहावा झाल्यावर पुढचा मुहूर्त धरू.

ती घाबरली. "कोण गेलं?"

"माझी मोठी जाऊ."

तिने मागचा टीव्ही बंद करायला सांगितला. मग म्हणाली, "त्या पलीकडच्या घरातल्या? पण तुमचं तर बोलणं न्हवतं ना?"

"बोलणं न्हवतं," मी म्हटलं. "जाऊ होती."

ती पुढे काही विचारायला गेली नाही. म्हणाली, मग सुतकात कसं लावायचं, आपण थांबू. फोन ठेवला आणि मी मोरीत जाऊन उभी राहिले. रडू यायला हवं होतं. आलं नाही. भीती मात्र गेली होती.

महेशला कळलं तेव्हा तो आधी चिडला, मग बेंजोवाल्याला फोन करायला गेला. परत येऊन एवढंच म्हणाला, "तो दुसरी तारीख देतोय. आये, तुझं काय हाय त्या काकीत?" मी त्याला सांगितलं नाही. त्याला बराक काय माहीत, आणि कळूही नये. पण हे अजून घरात बोलत नाहीत आणि आमच्या बाजूचे चुलत दीर येऊन सांगून गेलेत की बाईच्या शब्दावर लग्न हलवणाऱ्या घरात आम्ही येणार नाही. नाही आले तर नाही. जेवण कमी करावं लागेल, एवढंच.

मला तुझी आठवण येते. शेजारच्या घरातल्या बाईची नाही, चटईवरच्या बाईची. ती बाई मला गावात कधी दिसलीच नाही, आणि परवा गावाने जिला उचलून नेलं ती कोण होती तेही मला नीट कळलं नाही. मी आमच्या खिडकीतून बघत होते.

आता एक शब्द देते. सुतक मी पुरतं पाळीन. आणि नवीन मुहूर्ताची पत्रिका छापून आली की देवासमोर एक ठेवीन आणि भावकीतलं पहिलं बोलावणं घेऊन चिंचेपलीकडे तुझ्या घरी जाईन. दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, डोक्यावर पदर घेऊन. तुझा नवरा घेणार नाही, तुझा मुलगा कदाचित दार लावेल. मग उंबऱ्यावर कुंकू लावून पत्रिका तिथे ठेवीन आणि मोठ्याने सांगून येईन की जावेच्या घरचं आमंत्रण आहे, सगळ्यांनी यायचं.

तुझी धाकटी जाऊ,
सुगंधा