कान तुटलेला कप

थाटीपुर, ग्वाल्हेर
रविवार, ११ नोव्हेंबर १९५६

राज्य बदललं, कचेऱ्या भोपाळला चालल्या. शेजारच्या करमरकरवहिनी संध्याकाळी निरोप घ्यायला आल्या. हातात तो कप. कान तुटलेला. आम्ही ख्रिस्ती, म्हणून इतकी वर्षं त्यांच्याकडे मला चहा त्यातच मिळायचा. पिऊन तो मीच विसळायचे आणि बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचे.

"ट्रक लदून झालाय. तुमचा कप उगाच कशाला न्यायचा? ठेवा तुम्हीच," म्हणाल्या. आणि लगेच, "काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा हं."

काय चुकलं ते ठाऊक तरी आहे का यांना? मी आपलं म्हटलं, "छे हो वहिनी, माफी कसली!" चहा विचारला, तर म्हणे उपास. उपासाला चहा चालत नाही हे आजच कळलं.

सकाळीच मुरारच्या चर्चमध्ये वैऱ्यावर प्रेम करा, असं ऐकून आले होते. वैरी निदान डोळे वटारतो. ही बाई हसत होती. आणि मीही.

प्रभू, तोंडाने माफ केलं, मनाने नाही. कप फोडणार होते, फोडला नाही. उद्यापासून चहा त्यातच पिणार आहे. नाहीतर एखाद्या दिवशी खरंच माफ करून बसेन.