बाप्तिस्म्याच्या वहीतली एक खोटी ओळ

मी, सिप्रियानो राबोसा, वय शहात्तर, विधुर, राहणार सान रोके, प्रांत आल्बाय, चर्चच्या दफ्तरातला निवृत्त कारकून, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही असे लिहायची रीत आहे, पण ते लिहवत नाही. माझा पुतण्या देल्फिन मंगळवारपासून रोज अंगणात येऊन बसतो.

१. राहते घर, विहीर व मागची बारा नारळाची झाडे मी नेरिसा राबोसा, जन्म १४ मार्च १९८३, हिला देतो. वकिलाने 'माझी मुलगी' असे घातले होते. ते मी खोडले. त्या शब्दावर देल्फिन कोर्टात जाईल. नाव आणि तारीख यांवर त्याला जाता येणार नाही.

२. देल्फिनने घराण्याच्या मेळाव्यासाठी वंशावळ काढायला घेतली. माझी पत्नी फेलिसिदाद हिच्या बहिणीच्या मुलाची बाप्तिस्म्याची नोंद त्याने मनिलाहून मागवली. तीत धर्ममाता म्हणून फेलिसिदादची सही आहे, तारीख १३ मार्च १९८३.

"तियो, तेराला मनिलात पोर मांडीवर, आणि चौदाला इथं बाळंत? फेलिसिदाद तिया उडत आली काय?"

"बसने आली," मी म्हणालो.

"नऊ महिन्यांचं पोट घेऊन बारा तास? हे घर राबोसांचं आहे, ते रक्तातच राहील. मेळाव्याआधी नेरिसाला तुम्ही सांगता की मी सांगू?"

३. या रक्ताविषयी. देल्फिनला मी चर्चच्या वह्यांतल्या दोन पानांच्या नकला देतो. १८४९ साली आमचा पूर्वज मारियानो 'दे ला क्रूस' आहे. पुढल्या वर्षी स्पॅनिश सरकारने आडनावांची यादी गावोगाव वाटली, तीतले 'र'चे पान आमच्या गावाच्या वाट्याला आले, आणि तोच मारियानो राबोसा झाला. देल्फिनने या नकला मेळाव्यात वंशावळीच्या शेंड्याला चिकटवाव्यात. याखेरीज त्याला काही नाही.

४. चर्चच्या वहीतली नेरिसाच्या बाप्तिस्म्याची ओळ मीच लिहिली. अडतीस वर्षांत हजारो नोंदी केल्या, खोटी एवढीच. चौदा तारखेला सुईणीने मूल माझ्याकडे आणले. आई सतरा वर्षांची, अबाकाचा वाख काढायच्या कामाला डोंगरातून आलेली. तिच्या बापाने मूल घरात घेतले नाही. फेलिसिदाद बुधवारी मनिलाहून परतली, खांद्यावरची पिशवीही न उतरवता तिने मुलीला उचलले. मी तारीख खरी ठेवली, आईबापांची नावे आमची घातली.

५. माझे मेज, भिंग व दोन टाक चर्चच्या नव्या कारकुनास. ती नोंद दुरुस्त करायची ठरल्यास त्याने माझी ओळ खोडू नये, शेजारी लिहावे.

६. शुक्रवारी मी नेरिसाला सांगितले. ती मासळी साफ करत होती. सुरी तशीच हातात राहिली.

"नाव काय तिचं?"

"ओफेलिया."

"आहे की गेली?"

"आहे. लिगाओच्या बाजारात भाताच्या वड्या विकते."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तातय, मी तिच्याकडून वड्या घेतल्याही असतील. आणि तुम्ही शेजारी उभे असाल."

तिने हात धुतले, छत्री घेतली आणि गेली. शनिवारी आली नाही, रविवारीही नाही. देल्फिन विचारायचा, "गेली ना?" मी दोन्ही दिवस चूल पेटवली नाही.

७. हे कलम आज लिहीत आहे. सकाळी नेरिसा आली, बरोबर एक पांढऱ्या केसांची बाई. देल्फिन उठून उभा राहिला.

"तिचं नाव लिहा, तातय," नेरिसा म्हणाली. "पूर्ण."

लिहितो: नेरिसा हिला जन्म देणारी ओफेलिया साल्वेन्या. वाढवणारी फेलिसिदाद राबोसा.

मी ओफेलियाला विचारले, "तुम्हाला काय ठेवू?"

"काही नको. साक्षीदाराला काही घेता येत नाही, असं ही म्हणते."

"साक्षीला दोघे आहेत. तिसरा गावातला कोणी मिळेल."

"मीच करते. तेव्हा मला कोणी सही विचारली नव्हती."

वरील मजकूर मी तिघांसमोर वाचून दाखवला व सही केली.

सिप्रियानो राबोसा

साक्षीदार:
१. बेनिग्नो रोल्दान, शिंपी
२. तेओफिला रेसारे, निवृत्त शिक्षिका
३. ओफेलिया साल्वेन्या, आई

सान रोके, सोमवार, १५ जुलै २०१९