आवाजातलं हसू

प्रिय ताई,

पत्र उघडशील की तसंच टाकून देशील, माहीत नाही. तीन महिने अबोला धरला आहेस, तो माझ्याच कर्माने.

आई मला टकळी म्हणायची. हिच्या तोंडाला कुणीतरी कुलूप लावा गं, म्हणायची. ती टकळी आता नऊ वर्षं तक्रारींचे फोन घेते. कुणाचा फ्रिज बिघडतो, कुणाचं मशीन गळतं. लोक आईवरून शिव्या देतात आणि आम्ही हसायचं. प्रत्येकीच्या टेबलावर तळहाताएवढा आरसा असतो. बोलताना त्यात बघायचं, ओठ हसले की आवाजात हसू येतं. कॉल टेप होतात, त्यांना गुण मिळतात. मी कायम पहिली. वाटायचं, घरी निघताना हे सगळं हेडफोनबरोबर खुंटीला अडकवता येईल.

नाही येत गं. लेक सायकलवरून पडली, गुडघा फुटला, तर मी तिला म्हणाले, तुमची अडचण मी समजू शकते. ती माझ्याकडे बघत मागे सरकली. हे म्हणतात, मला गिऱ्हाईक समजू नकोस, एकदा तरी ओरड माझ्यावर.

आणि त्या दिवशी तू. आमचे मोबाइल दारातच काढून घेतात, म्हणून तू तक्रारीच्या नंबरवरून मला शोधत आलीस आणि म्हणालीस, आई गेली. मी आरशात बघितलं. म्हणाले, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, आणखी काही मदत करू शकते का? तू फोन ठेवलास. मी पुढचा घेतला.

मी अजून रडलेच नाही, ताई. घरी तुम्ही सगळे रडत होतात तेव्हा मी आल्यागेल्याला हसून पाणी देत होते. मावशी म्हणालीसुद्धा, हिला काही आहे का त्याचं!

परवा तिमाहीचे गुण लागले. तुझ्या कॉलला दहापैकी दहा. तपासणारीला वाटलं, कुणी भांबावलेलं गिऱ्हाईक असेल. शेरा होता, समोरची व्यक्ती रडत असतानाही स्वर ढळला नाही. नव्या मुलींना तो कॉल नमुना म्हणून ऐकवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तू रडत होतीस, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

तेव्हापासून कितीदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. तू उचललास तर बोलणार तीच, आरशातली. कागदावर तिला आवाज नाही, म्हणून हे पत्र. तरी पहिल्या दोन कागदांवर तेच दिलगिरीचं वाक्य उतरलं, फाडले. तू फोन करू नकोस. ये. लहानपणी द्यायचीस तशी एक सणसणीत थोबाडीत दे. कदाचित रडू येईल. नाहीच आलं, तर आईसाठी रडायला तू एकटीच उरलीस, असं समज.

तुझीच,
एकेकाळची टकळी