फोटोपासवरील जनावर हे अर्जदाराचे यजमान असल्याबाबत

प्रति,
मा. फोटोपास अधिकारी साहेब,
झोपडी नोंदणी कक्ष, पश्चिम उपनगरे,
बोरिवली, मुंबई.

विषय : झोपडी क्र. ११७ ही गोठा नसून घर असल्याबाबत.
संदर्भ : १) आपल्या कक्षाचे पत्र, दि. ३० जून १९८६. २) यजमानांच्या आपल्या कक्षातील दोन फेऱ्या (एक माणूस म्हणून, एक फोटोप्रमाणे).

महोदय,

१. अर्जदार सौ. शेवंती जयवंत घाडी, वय ३४, ही दहिसर येथील नदीकाठच्या करंजवाडीत झोपडी क्र. ११७ मध्ये यजमान व दोन मुलांसह अकरा वर्षे राहत आहे. अर्जदार सातवी पास असून वाडीच्या महिला मंडळाची चिटणीस आहे. सदर अर्ज तिने स्वतः लिहिला आहे. आपल्या कक्षाबाहेर झाडाखाली अर्ज टाईप करून देणारे एक भाऊ बसतात, त्यांना हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी टाईपरायटरवर डोके ठेवले ते काही वर काढले नाही.

२. आपल्या पत्रात असे नमूद आहे की, फोटोत एक स्त्री, दोन मुले व एक मोठे जनावर दिसते, पाटी जनावराने धरली आहे, कुटुंबप्रमुख गैरहजर, सबब जागेचा वापर गोठा म्हणून होत असल्याने फोटोपास देता येत नाही. एक ऑगस्टला पथक येऊन वाडीतले गोठे काढणार आहे, असेही त्यात आहे. फोटोपास म्हणजे घर आमचे असल्याचा एकुलता एक कागद, आणि तोच असा आला.

३. हे जनावर घरात कसे आले ते आता मुळापासून सांगणे भाग आहे. यजमान श्री. जयवंत घाडी हे कापड गिरणीत बारा वर्षे साच्यावर, म्हणजे मागावर होते, एक दिवस खाडा नाही. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. चार वर्षे मिळेल ते काम केले. यंदा मे महिन्यात आमच्याच नदीकाठी 'पूनम का पंजा' या हिंदी चित्रपटाचे शूटिंग आले. गोष्ट अशी की, हिरो पौर्णिमेला लांडगा होतो. पण हिरोसाहेबांना केसाळ काही अंगाला लागले की पुरळ येई. ते चंद्राकडे बघून फक्त "नहीं" म्हणत व गाडीत जाऊन बसत. तिथून पुढचा सगळा लांडगा आमच्या यजमानांचा. चंद्र म्हणजे बांबूला बांधलेली परात. रात्रही खरी नव्हती. भर बारा वाजता कॅमेऱ्याला निळी काच लावून डायरेक्टर रात्र झाल्याचे जाहीर करीत आणि यजमान घोंगडीच्या कातड्यात शिजत.

४. मेकअप आमच्या गावाकडच्या धोंडू मेस्त्रीकडे होता. दशावतारातला राक्षस रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण लांडगा त्याने जन्मात बघितला नव्हता. इथला गोंद घामाने सुटू लागला, तेव्हा या शहाण्याने काय करावे? गावाहून फणसाचा चीक मागवला आणि त्याने यजमानांच्या तोंडभर नारळाचा काथ्या डकवला. चिकटला तो चिकटलाच. फणसाचा चीक खोबरेल तेलाने सुटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अर्जदार तेलाची वाटी घेऊन पुढे झाली. यजमानांनी तिचा हात धरला. "चिकटवूक पाच तास लागले. उद्या शॉट आसा. मी काढूचंय नाय," असे म्हणाले व तसेच पानावर बसले. भातात काथ्या गळत होता. असे नऊ दिवस चालले. वाडीतले कुत्रे दोन दिवस भुंकले, तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागून हिंडू लागले.

५. दहाव्या दिवशी, दि. २२ मे रोजी, सकाळी आपले फोटोग्राफर व नोंद घेणारे गृहस्थ आले. कुटुंबप्रमुख हजर नसल्यास दावा रद्द, असे नोटिशीत स्पष्ट होते. नऊला कंपनीची गाडी येणार म्हणून यजमानांनी दातसुद्धा बसवलेले, त्यामुळे बोलणे बंद. अर्जदार म्हणाली, खड्ड्यात गेला तो शॉट, आधी तोंड धुवा. ते नुसती नकाराची मान हलवत राहिले. बारा वर्षे खाडा न करणारा माणूस, तो काय ऐकणार कपाळ! मग सगळे दारासमोर उभे राहिले. नंबरची पाटी कुटुंबप्रमुखाने धरायची असते, ती त्यांनी पंजात धरली. फोटोग्राफरना त्या दिवशी दोनशे घरे उरकायची होती. त्यांनी कॅमेऱ्यातून बघितले व एवढेच म्हणाले, "दात आत घ्या." दात लाकडाचे होते, ते आत कुठून जाणार?

नोंद घेणाऱ्यांनी विचारले, याचे नाव काय? इथे अर्जदाराची चूक झाली, ती कबूल आहे. नवऱ्याचे नाव तोंडाने घेण्याची आमच्यात रीत नाही, त्यात समोर चुलत सासरे उभे. (लिहायला हरकत नसते, म्हणून वर लिहिले आहे.) अर्जदार पदर सावरून गप्प राहिली. मुलगी प्रेमा, इयत्ता चौथी, हिने "ते आमचे बाबा आहेत" असे खणखणीत सांगितले. त्यावर ते गृहस्थ हसले व तिला गोळी दिली. पुस्तकात मात्र लिहिले : जनावर, नाव ठेवलेले नाही.

६. आपले पत्र मिळताच यजमान दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या कक्षात गेले. टेबल क्र. ४ वरील श्री. नंदकिशोर पाठारे यांनी फोटो शेजारी धरून बघितला व शेरा मारला की, समक्ष हजर इसम फोटोशी जुळत नाही, फोटोप्रमाणे हजर व्हावे. तोवर प्रोड्यूसर गायब झालेला, धोंडू भाताच्या लावणीला गावी गेलेला आणि फणसही संपलेले. शेवटी अर्जदाराने स्वतः गव्हाची खळ करून काथ्या डकवला. दोन रिक्षावाले थांबले नाहीत. तिसरा थांबला, वळून बघितले आणि रिक्षा सोडून पळाला. चालत यावे लागले. जनावर आत सोडता येत नाही म्हणून वॉचमनने अडवले, तेव्हा श्री. पाठारे स्वतः फाटकावर आले. त्यांनी फोटो यजमानांच्या तोंडाजवळ धरला, नीट निरखले व लिहिले : तंतोतंत जुळते. म्हणजे जनावर असल्याची खात्री पटली! साहेब, माणूस न्यावा तर जुळत नाही आणि जुळवावा तर माणूस राहत नाही. आता आम्ही करायचे तरी काय?

७. रागाच्या भरात अर्जदाराने यजमानांना कधी जनावर म्हटले नाही असे नाही. बावीस तारखेच्या सकाळीही म्हटले. पण ते घरातले बोलणे आहे, सरकारी दप्तरातले नव्हे. तरी विनंती की, गोठ्याचा शेरा रद्द करून एक ऑगस्टच्या आत नवीन फोटो काढावा. या वेळी अर्जदार यजमानांचे नाव चारचौघांत मोठ्याने घेईल, चुलत सासरे समोर असले तरी. उखाणा तयार आहे :

फणसाचा चीक, काथ्याची दाढी,
जयवंतरावांचे नाव घेते सौ. शेवंती घाडी.

८. आणखी एक. नवीन फोटो निघाल्यावर जुना कृपया फाडू नये. चित्रपट डब्यात गेला, तो आता कुठे लागणार नाही. ज्या माणसाने भर मे महिन्यात अंगावर घोंगडी घेऊन, कुरकुर न करता लांडग्याचे काम केले, त्याच्या कामाचा एकही फोटो कंपनीने दिला नाही. आहे तो एवढाच, आणि तो आपल्याकडे आहे. यजमान तोंडाने मागणार नाहीत, पण परत येताना वाटेत एकदा म्हणाले की, फोटोत दात बरे दिसतात. तो आम्हाला मिळावा, घरात भिंतीवर लावायचा आहे. त्यासाठी भिंत जागेवर राहणे जरूर आहे.

आपली नम्र, माणसांच्या घरात राहणारी,
सौ. शेवंती जयवंत घाडी
करंजवाडी, दहिसर
दि. १४ जुलै १९८६

सोबत :
१) यजमानांचा गिरणीतील पास, फोटोसह.
२) लग्नातील फोटो. मुंडावळ्यांनी चेहरा झाकला आहे, तरी नाक बघावे.
३) काथ्या, एक झुपका. हुंगून खात्री करावी, नारळाचाच आहे.
४) जुना फोटो पाठवण्यासाठी रिकामे पाकीट, तिकीट लावून व याच घराचा पत्ता लिहून.